हरवलेला भाग बघायचा तर जुना आवाज की नवा संच?

‘डॅड्स आर्मी’ ही दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश होमगार्डवरची, म्हणजे गावाच्या बचावासाठी उभ्या केलेल्या स्वयंसेवकांच्या पलटणीवरची, बीबीसीची जुनी विनोदी मालिका. तिचे सगळे मिळून ऐंशी भाग, आणि त्यातले तीन मूळ रूपात आज बघताच येत नाहीत. तिन्ही १९६९ च्या दुसऱ्या सीझनमधले. बीबीसी महागड्या टेप पुसून पुन्हा वापरायची, रंगीत चित्रण सुरू झाल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरलं नाही, ही सगळी कथा तुम्हाला माहीत असेलच. याच सीझनमधले आणखी दोन भाग २००१ मध्ये परत मिळाले. कुणीतरी फिल्मचे डबे कचऱ्यातून उचलून वर्षानुवर्षं बागेतल्या शेडमध्ये ठेवले होते. या तिघांचं नशीब तसं नव्हतं.

‘अ स्ट्राइप फॉर फ्रेझर’ या भागाच्या बाबतीत मात्र निवड करावी लागते. त्याचा मूळ आवाज मिळाला आणि २०१६ मध्ये त्यावर अॅनिमेशन झालं. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोल्ड वाहिनीनं तिन्ही भाग नवे नट घेऊन पुन्हा चित्रित केले. म्हणजे एकाच पटकथेची दोन रूपं झाली. एकात मूळ नटांचा आवाज आणि काढलेली चित्रं, दुसऱ्यात नवे आवाज आणि खरी माणसं. मी दोन्ही पाहिली आहेत आणि दोन्ही करणाऱ्यांचा ऋणी आहे.

सुरुवातीला मी आवाजाच्या बाजूचा होतो. आर्थर लोच्या कॅप्टन मॅनरिंगचं (स्पेलिंग बघून भलताच उच्चार करू नका) घसा खाकरून फुगणं, जॉन ले मेझररच्या सार्जंट विल्सनचं वाक्य अर्ध्यावर विरत जाणं, जॉन लॉरीच्या फ्रेझरचा स्कॉटिश र, यांना पर्याय कसा असेल? नवा संच म्हणजे नक्कल, असं मी धरून चाललो होतो. अॅनिमेशनमध्ये गॉडफ्रे झालेल्या अर्नोल्ड रिडलीचा मृदू, किंचित कापरा आवाज आला तेव्हा मला खरोखर गहिवरून आलं. पहिल्या महायुद्धात सॉमवर जखमी झालेला हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर दुसऱ्या महायुद्धातला म्हातारा होमगार्ड साकारत होता. तो आवाज त्याचाच आहे, त्याची बरोबरी कशानं होणार नाही.

मग तो भाग मी बाबांबरोबर बघितला.

बाबा गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून आमच्याकडे लीड्सला आले होते. पाटबंधारे खात्यात त्यांची पस्तीस वर्षं नोकरी झाली, त्यामुळे इंग्रजी फायली वाचण्यात आणि नोटिंग लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण ऐकताना ते समोरच्याचे ओठ आणि डोळे बघतात. शनिवारी बीबीसी टूवर जुने भाग लागायचे, ते त्यांना फार आवडले. बँकेचा मॅनेजर तोच पलटणीचा कप्तान, त्याचा मुख्य कारकून तोच सार्जंट, हा कारकून साहेबापेक्षा मोठ्या घराण्यातला आणि साहेबाला ते रोज बोचतं. ही उतरंड त्यांना मला समजावून सांगावी लागली नाही. “आमच्याकडे असाच एक डेप्युटी होता,” एवढंच ते म्हणाले.

म्हणून मोठ्या हौसेनं मी त्यांना अॅनिमेशन लावून दिलं. पाच-सात मिनिटांतच अडलं. विल्सन काहीतरी बोलतो, मग क्षणभर शांतता, आणि १९६९ चा सगळा स्टुडिओ खळखळून हसतो. पडद्यावर मात्र काढलेला चेहरा तसाच, भुवई जिथल्या तिथे. बाबांनी विचारलं, “आता काय झालं? का हसले?” मी मागे नेऊन पुन्हा लावलं. तेच. काय झालं ते मलाही सांगता येईना. मॅनरिंगनं चष्मा सरळ केला असेल, किंवा सगळे सावधान झाल्यावर पलटणीतला म्हातारा जोन्स नेहमीसारखा एक ठेका उशिरा सावधान झाला असेल. ज्यावर ते प्रेक्षक हसले तेच टेपबरोबर पुसलं गेलं आहे. हशा तेवढा उरला.

अर्ध्या तासात बाबांनी हा प्रश्न चार वेळा विचारला. नंतर विचारणं सोडून ते नुसतं बघत राहिले, आणि ते मला जास्त लागलं.

अॅनिमेशनवाल्यांना मी दोष देत नाही. ओठ हलवणं, पात्रं ओळखू येतील अशी काढणं, हे त्यांनी मनापासून केलंय. पण ले मेझररसारखा नट बोलण्यापेक्षा न बोलण्यातच जास्त काम करतो. कान चोळणं, मॅनरिंगकडे कडेनं बघणं, सुस्कारा टाकून हसू दाबणं, यातलं आवाजाच्या पट्टीवर काहीच उमटत नाही. चित्रकारानं अंदाजानं काही घातलं तरी हशाची वेळ ठरलेली असते, तो कमी-जास्त करता येत नाही. एकदा हे डोळ्यांत खुपायला लागलं की मग सारखं तेच दिसतं. निदान माझं तरी तसं झालं.

दुसऱ्या संध्याकाळी गोल्डचा भाग लावला. नव्या संचात जुनं नाटक ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला काही नवी नाही. पहिली दहा मिनिटं आपण आधीच्या नटाला शोधत बसतो, आणि नवा नट तयारीचा असेल तर मध्यंतरापर्यंत ते शोधणं थांबतं. इथेही तसंच झालं. मालिकेचे लेखक पेरी आणि क्रॉफ्ट यांची मूळ पटकथा शाबूत होती आणि चित्रण तिच्यावरूनच केलंय. त्यात आजचे विनोद घुसडलेले नाहीत, ही मला सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

केविन मॅकनॅलीचा मॅनरिंग मला मनापासून पटला. तो लोची नक्कल करत नाही. त्याचा मॅनरिंग अपमान गिळतो तेव्हा गळ्याची हालचाल दिसते. रॉबर्ट बॅथर्स्टचा विल्सन मूळच्यापेक्षा जरा ताठ आहे, त्याची सवय व्हायला वेळ लागला. फ्रेझर डेव्हिड हेमननं केलाय. तो स्वतः स्कॉटिश, त्यामुळे बोली उसनी वाटत नाही. याच भागात फ्रेझरला बाहीवर बढतीची फीत मिळते आणि तो समोर दिसेल त्याच्यावर शिस्तभंगाचे आरोप ठेवत सुटतो. फीत लागल्यावर त्याच्या डोळ्यांत जी चमक येते ती अॅनिमेशनमध्ये मला दिसली नव्हती. जोन्स मात्र कठीणच. क्लाइव्ह डनचा जोन्स इतका पक्का बसलाय की केविन एल्डननं चांगलं काम करूनही माझं मन सारखं तुलना करत राहिलं. तुमचंही होईल कदाचित. गॉडफ्रेच्या भूमिकेत टिमोथी वेस्ट आहे, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा. त्याचं खुर्चीतून उठणं अभिनय आहे की वय, ते कळत नाही, आणि भूमिकेला तेच हवं होतं.

बाबा त्या संध्याकाळी नऊ-दहा वेळा तरी हसले. मी मोजत नव्हतो, पण “का हसले?” हा प्रश्न एकदाही आला नाही.

तरी सरसकट सांगणार नाही. ज्यांनी ही मालिका लहानपणापासून पाहिली, ज्यांना लो आणि ले मेझररचे चेहरे डोळे मिटून आठवतात, त्यांनी अॅनिमेशन जरूर बघावं. त्यांचं मन रिकाम्या जागा आपोआप भरतं. शेजारचे एक आजोबा बाबांसाठी आमच्याकडे यायचे, त्यांनी अॅनिमेशनचा बराचसा भाग खरंच डोळे मिटून ऐकला आणि भरपूर हसले. पण डोळे मिटायचेच असतील तर रेडिओचा पर्याय उजवा ठरतो. मूळ संचानं सत्तरच्या दशकात मालिकेची रेडिओ रूपं केली. ती कानासाठीच बांधलेली आहेत, त्यामुळे हशा अधांतरी लोंबकळत नाही.

एक व्यावहारिक गोष्टही लक्षात घ्या. अॅनिमेशन एकाच भागाचं आहे. ते प्रथम ज्या बीबीसी स्टोअरवर आलं ते दुकान २०१७ मध्ये बंद झालं. ‘द लोनलिनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स वॉकर’ आणि ‘अंडर फायर’ पडद्यावर बघायचे तर नवा संच हाच मार्ग. तो आवडला तर बीबीसी फोरनं २०१६ मध्ये अशाच पद्धतीनं केलेला ‘हँकॉक्स हाफ अवर’ या जुन्या विनोदी मालिकेचा भागही बघा, त्यातही मॅकनॅलीच आहे.

घरात कुणी ही मालिका नव्यानं बघणार असेल, विशेषतः आपल्याकडून आलेले आई-वडील, तर मी आधी गोल्डचे भाग लावीन. अॅनिमेशन नंतर, सावकाश.

तिसऱ्या संध्याकाळी वॉकरचा भाग लावला. काळाबाजारवाल्या वॉकरला सैन्यात बोलावणं येतं, सगळी पलटण त्याला सोडवायला धडपडते, आणि शेवटी त्याला कॉर्न्ड बीफ सोसत नाही म्हणून सैन्यच त्याला परत पाठवतं. बाबा हसता हसता थांबून माझ्याकडे वळले. “कॉर्न्ड बीफ म्हणजे काय रे?”

डब्यातलं खारवलेलं गोमांस, मी म्हटलं. “रोज रोज तेच खायचं?” असं म्हणून ते पुन्हा हसायला लागले.