म्युटाफ्लोर कॅप्सूल: कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) शांत असतानाचं औषध

जर्मनीत मिळणाऱ्या या कॅप्सूलमध्ये दह्यातले जिवाणू नाहीत. आत आहे जिवंत ई. कोलाय, म्हणजे आतड्यात राहणारा जिवाणू. 1917 साली आल्फ्रेड निस्ले यांनी तो एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा केला. बरोबरीचे शिपाई आवेने आडवे झाले होते, हा मात्र ठणठणीत. हा वाण लोह ओढून घेण्यात पटाईत, शिवाय मायक्रोसिन नावाची जिवाणूनाशक प्रथिनं सोडून आसपासच्या जातभाईंना मारतो.

100 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये 250 ते 2500 कोटी जिवाणू असतात. दहापट फरक! जिवंत मालाचं मोजमाप असंच. पहिले चार दिवस रोज एक, पाचव्या दिवसापासून दोन, जेवणाबरोबर, अख्खी गिळायची. फोडून ताकात घातली की जठरातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण गेलं, मग पैसे पाण्यात. सुरुवातीला पोट फुगतं, गुरगुरतं.

साठवण 2 ते 8 अंशांत. कुणी बॅगेतून आणणार असेल तर थंड पिशवी हवीच, पण पाकीट गोठलेल्या बर्फाला थेट चिकटवू नका. मधेच सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स लागला तर तो हे जिवाणूही मारतो. त्या काळातल्या कॅप्सूल फुकट.

उपयोग किती? अल्सरेटिव्ह (आतड्यात जखमा करणारा) कोलायटिस आटोक्यात असलेल्या 327 जणांवर वर्षभराची चाचणी झाली, निष्कर्ष 2004 मध्ये आले. ठरल्याप्रमाणे ही कॅप्सूल घेतलेल्यांपैकी 36.4 टक्क्यांना त्रास उलटला, मेसालाझिन या नेहमीच्या औषधावर 33.9 टक्क्यांना. जाहिरातीत हेच आकडे शोभतात. मधेच सोडलेले रुग्णही धरले तर 45.1 विरुद्ध 37. जवळपास बरोबरी, पण काटा मेसालाझिनकडेच. त्यामुळे मेसालाझिन सोसत नाही अशांना डॉक्टरांशी बोलून हा पर्याय ठीक. रक्त पडतंय, दिवसातून आठ वेळा जावं लागतंय, तेव्हा हिच्यावर विसंबू नका: डेन्मार्कमधल्या 100 रुग्णांच्या चाचणीत भडकलेल्या कोलायटिसमध्ये नेहमीच्या औषधांना जोड देऊन फायदा दिसला नाही. क्रोन्ससाठी (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) तर घेऊच नये, तिथे पुरावा फारच तोकडा.

एक खटकणारी गोष्ट. हा वाण कोलिबॅक्टिन नावाचं विषारी द्रव्य बनवतो, आणि प्रयोगशाळेत त्याने पेशींचा डीएनए तुटतो. माणसात यामुळे कर्करोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी जुन्या कोलायटिसमध्ये तो धोका मुळातच जास्त, म्हणून कॅप्सूल चालू आहे या भरवशावर कोलोनोस्कोपीची (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) तारीख पुढे ढकलू नका.