जेनोआतील मुक्काम : जुने शहर की नेर्वी?

इटलीच्या जेनोआ बंदरात न्याहारीसह निवास शोधताना निवड बहुधा जुने शहर आणि पूर्वेकडील नेर्वी हे उपनगर यांत करावी लागते. जुन्या शहरात राहिल्यास, 1992 मध्ये वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी नव्याने आखलेला जुना धक्का, तेथील मत्स्यालय आणि 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झालेले रोल्ली प्रासाद पायीच पाहता येतात. मात्र ‘कारुज्जी’ म्हणजे तेथील अरुंद बोळांत वाहन शिरत नाही आणि अनेक जुन्या इमारतींना लिफ्ट नसते, त्यामुळे खोली कितव्या मजल्यावर आहे हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे. नेर्वीत समुद्रालगतची सुमारे 2 किलोमीटरची पायवाट, बागा आणि शांतता लाभते, परंतु शहरात येण्यासाठी दरवेळी लोकल रेल्वे किंवा बस गाठावी लागते. न्याहारीला फोकाच्चा पाव कॅपुचिनोत बुडवून खाण्याची स्थानिक पद्धत (आपल्या चहा-खारीची सख्खी बहीणच) दोन्हीकडे अनुभवता येते. दोन-तीन दिवसांसाठी मी जुने शहरच निवडेन. लहान मुले सोबत असून आठवडाभर राहायचे असेल, तर नेर्वी.