स्लरी टँकरच्या चाकाला जोर द्यायचा कशानं : शाफ्टनं की तेलानं?

उसाच्या आडसाली लागणीआधी, म्हणजे जुलै-ऑगस्टात रानात स्लरी, म्हणजे पातळ शेणखत, टाकायची असते, आणि दौंडकडची काळी जमीन नेमकी तेव्हाच पाय धरू देत नाही. ५ हजार लिटरचा भरलेला टँकर साडेसहा टनांच्या आसपास जातो. ओढणारा ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा. वजन सगळं त्या चाकांवर, जी नुसती मागून घरंगळत येतात. ज्यानं एकदा तरी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला साखळी लावून टँकर काढलाय, त्याला टँकरच्या अ‍ॅक्सललाच जोर का द्यायचा हे सांगायला नको.

फोर व्हील ट्रॅक्टर घ्या म्हणणारे चुकत नाहीत. पण आहे त्याचे हप्ते चालू असले की दोनच वाटा उरतात. टँकरखाली ट्रकचं जुनं हाउसिंग, म्हणजे मागच्या चाकांचा गिअरसकट अ‍ॅक्सल, बसवून त्याला पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं फिरणाऱ्या दांड्याचा शाफ्ट जोडायचा, नाहीतर त्याच हाउसिंगवर तेलाच्या दाबावर फिरणारी हायड्रॉलिक मोटर चढवायची. मी आधी शाफ्ट केला, दोन पावसाळे चालवला, मग तेलाकडे वळलो.

शाफ्टचं काम स्वस्त. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात जुने भाग मिळतात आणि बिघडलं तर गावचा फिटर झाडाखाली खोलतो. मेख आहे ती वेगाच्या मेळात. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, हाउसिंगमधले क्राउन-पिनियन गिअर सहास एक धरा. चाकाचे मिनिटाला ९० फेरे. अडीच मीटर परिघाचं चाक म्हणजे ताशी साडेतेरा किलोमीटर, आणि ट्रॅक्टर तर लो गिअरमध्ये तीनच्या आसपास चालणार! म्हणून मध्ये गिअरबॉक्स घालावा लागतो. तोही ट्रॅक्टरच्या एकाच गिअरशी जुळतो. स्लरी फेकणाऱ्या पंपाचा पट्टा त्याच शाफ्टवर असल्यानं तो एक गिअर सांभाळला तर चाकही चालतं, पंपही चालतो. सरळ ओळीत तर हे प्रकरण इतकं झकास ओढतं की मी पहिल्या दिवशी चहा पाजला सगळ्यांना.

बांधावर आल्यावर खरं कळलं. वळताना टँकर आतून कापतो, त्याच्या चाकांना अंतर कमी पडतं. शाफ्टला ते कुठं माहीत? तो सरळ ओळीच्याच वेगानं ढकलत राहतो. पुढची चाकं वळलेली, मागून रेटा, ट्रॅक्टर तिरका बांधाकडे घसरतो आणि शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस खडखडायला लागतो. गिअरबॉक्सचा दांडा टँकरवर, ड्रायव्हरच्या हाताबाहेर. त्यामुळे प्रत्येक वळणाला पीटीओच काढायचा. मग पंप थांबतो, फवारा ढिला पडतो आणि बांधालगतचा पट्टा अर्धा उपाशी राहतो. लांबलचक रानात हे चाललं असतं. आमच्या दोन एकराच्या तुकड्यात दहा-बारा वळणं होतात, आणि ड्रायव्हर एखाद्या वळणाला विसरतोच. दुसऱ्या पावसाळ्यात तो विसरला तेव्हा शेजाऱ्याच्या बांधाचे दगड आम्हीच परत रचून दिले.

तेलाला वेगाशी देणंघेणं नाही, ते दाबावर चालतं. वळणाला चाक अडलं तर रिलीफ व्हॉल्व्हमधून तेल माघारी जातं; रेटा राहतो, पण हट्ट राहत नाही. सीटजवळ एक लिव्हर, तो ओढला की चाकं मोकळी, पंप मात्र चालूच. ट्रॅक्टरच्या लिफ्टचा तेलपंप याला पुरत नाही, पीटीओवर वेगळा गिअर पंप आणि मोठी तेलटाकी लागते. भोसरीत हे जुळवून मिळालं, पण खर्च शाफ्टच्या अडीचपट झाला. तेल तापतं, डिझेलही थोडं जास्त जात असावं. एकदा होज फुटली तेव्हा ड्रायव्हरचा नवा शर्ट गेला, तो मी भरून दिला. आणि एक चाक चिखलात फिरायला लागलं की दोन चाकांत जोर वाटणारं डिफरन्शियल दोन्ही प्रकारांत सारखंच रडतं.

तुमचं रान लांब, ड्रायव्हर घरचा आणि हात आखडता असेल तर शाफ्ट लावा, मी नको म्हणणार नाही. पण आधी पाणंदीवर नको, बांधावर वळवून बघा, तेही टँकर भरलेला असताना. माझा काढलेला गिअरबॉक्स गोठ्यामागे आहे, हवा असेल तर घेऊन जा. सध्या त्याला कालवड बांधतो.