'लाईव्ह सिंक'च्या नावाखाली १,०९,५०० ला फसवलं, सोलापूरच्या व्यापाऱ्यांनो सावध रहा

आधी आकडे सांगतो. 'सर्व्हर' ६८,०००, 'लाईव्ह सिंक मोड्यूल' (दोन ठिकाणचा डेटा आपोआप एकसारखा ठेवणारं म्हणे) २७,५००, वर्षाचं देखभालीचं एएमसी १४,०००. एकूण १,०९,५००. वर आमचाच डेटा आम्हाला उघडून द्यायला आणखी ३५,००० मागितले, ते दिले नाहीत.

आमचा चादर-टॉवेलचा धंदा, कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, दुकान चाटी गल्लीत, दोन्हीकडं हिशेबाला टॅली सॉफ्टवेअर. इकडचं बिल तिकडं दिसावं, स्टॉक एकच दिसावा एवढीच गरज. हे सगळं विकणारा माणूस आला, मालक मालक करत बसला, इकडं एंट्री मारली की तिकडं दिसतंय असं करून दाखवलं. कुणालाही पटलं असतं. डेमोत एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर काम चालू होतं, मेख तिथंच होती.

दुसऱ्याच महिन्यात कळायला पाहिजे होतं, ते आठवलं की अजून डोकं फिरतं. ४१२ नंबरचं बिल, दुकानात हैदराबादच्या पार्टीचं आणि कारखान्यात गुलबर्ग्याच्या. सकाळी बघतोय तर दोन्हीकडं फक्त गुलबर्गा, हैदराबादचं बिल गायब! फोन केला तर म्हणे "मालक, नेट स्लो आहे, परत एंट्री मारा." जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न भरायची ११ तारीख डोक्यावर, दिवाणजी कावलेले, अशा वेळी कोण फोल्डर उघडून बघत बसतो ओ? आम्ही चादरी विकतो, कॉम्प्युटरचं कळत असतं तर त्याला पैसे कशाला दिले असते. अशी किती बिलं गेली कुणास ठाऊक, हैदराबादवाल्याच्या २बी मध्ये (त्याच्या खरेदीच्या जीएसटी यादीत) बिल दिसेना म्हणून त्यानं पेमेंट अडवलं तेव्हा एकेक बाहेर पडायला लागलं.

मग एक दिवस दुकानात लाईट गेली, डेटा फाईल करप्ट झाली, आणि ती करप्ट फाईल थोड्याच वेळात कारखान्यात आणि त्या 'सर्व्हर'वरही जाऊन बसली. बॅकअपही त्याच फोल्डरमध्ये ठेवलेला, तोही गेला. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे पाठ करा. भाच्यानं त्या 'सर्व्हर'चं कॅबिनेट खोलून बघितलं तर आत जुना डेस्कटॉप, आणि 'मोड्यूल' म्हणजे फुकट मिळणारं फोल्डर सिंकचं सॉफ्टवेअर. दोघांनी एकाच वेळी काम केलं की जी फाईल शेवटी सेव्ह झाली ती राहणार, दुसरी बाजूला पडणार. फोल्डरमध्ये अशा बाजूला पडलेल्या फाईलींचा ढीग होता, नावातच 'कॉन्फ्लिक्ट' लिहिलेलं. आणि ॲडमिन पासवर्ड त्याच्याकडं, त्याचेच ते ३५,०००.

टॅलीचं स्वतःचं सिंक आहे, त्यात एंट्र्या जातात, अख्ख्या फाईली नाही. नाहीतर डेटा एकाच जागी ठेवून मल्टी-युजर लायसन्स घ्या आणि दुसरीकडून रिमोटनं काम करा.

पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले हा दिवाणी मामला, वकील गाठा. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावला तर विचारतात पैसे ऑनलाईन गेले का, मी म्हटलं चेकनं दिले, मग म्हणे तुमच्या पोलीस स्टेशनला जा. ग्राहक आयोगाचं विचारलं तर धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही! मग आम्ही आहोत तरी कोण? टॅक्स भरताना बरोबर सापडतो की आम्ही. पोलिसांनी तक्रारीवर पोच द्यायलाही टाळाटाळ केली, साहेब बंदोबस्तावर आहेत, उद्या या, सोमवारी या. खोटं बोलून पैसे घेतले ही फसवणूक नाही तर काय, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशाला ठेवलंय मग?

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी एक करा, कारखान्याचं नेट काढा, दोन्हीकडं वेगवेगळं बिल मारा, नेट जोडा. दोन्ही बिलं राहिली तरच पैसे. ॲडमिन पासवर्ड पहिल्या दिवशीच स्वतःकडं. जीएसटी बिल देत नसेल तर दारातूनच परत पाठवा, आम्हाला त्यानं नुसतं कोटेशन दिलं होतं. रोजचा बॅकअप पेनड्राईव्हवर घ्या आणि पेनड्राईव्ह काढून कपाटात ठेवा.

एफआयआर घेत नाहीत म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवतोय, तिथंही नाही झालं तर कोर्टात. ज्यांच्याकडं 'सर्व्हर' असा स्टिकर लावलेलं काळं कॅबिनेट याच माणसानं बसवलंय त्यांनी आजच डेटाची कॉपी काढून घ्या आणि मला कळवा, तक्रारीत तुमचंही नाव घालतो.