दहा बारचा फोटो आणि भिंतीतले तुकडे

घरातली पाईपलाइन बदलायला काढलेल्यांसाठी हे लिहितोय. विशेष करून नेरूळ-वाशीकडच्या जुन्या सिडको इमारतींत राहणाऱ्यांसाठी, कारण तिथल्या जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपच्या) लाइनी आतून गंजून निम्म्या बुजल्यात, नळाला करंगळीएवढी धार येते आणि एका घरात काम निघालं की कॉन्ट्रॅक्टर शेजारच्या चार दारांवर कार्ड ठेवून जातो. आमच्याकडे आलेल्याने नुसतं वाईट काम केलं असतं तर चरफडून गप्प बसलो असतो. त्याने टेस्टिंगच खोटं केलं. आणि त्याचा पुरावा स्वतःच व्हॉट्सॲपवर पाठवला.

सीपीव्हीसी, म्हणजे नेहमीचा कडक प्लास्टिकचा पाईप, नको, पेक्स टाकू, असा त्याचा आग्रह होता. त्यासाठी जे सांगितलं ते सगळं खरं होतं, हे आधी नमूद करतो. पेक्स म्हणजे क्रॉस-लिंक केलेलं पॉलिथिन. पाईप हाताने वळतो, कॉइलमध्ये मिळतो, गरम पाणीही सोसतो. मॅनिफोल्डपासून, म्हणजे जिथून सगळ्या नळांच्या लाइनी फुटतात त्या जोडापासून, प्रत्येक नळापर्यंत एकच अखंड पाईप न्यायचा. जोड फक्त दोन टोकांना, तेही दिसतील असे. सीपीव्हीसीला प्रत्येक वळणावर एल्बो (कोपऱ्याचा जोड) आणि चिकटवायचं सोल्युशन लागतं. "काका, भिंतीत जॉइंटच नाही, तर गळेल कुठून?" या एका वाक्यावर त्याने सीपीव्हीसीच्या जवळपास दुप्पट भाव लावला. कोटेशनमध्ये प्रेस फिटिंग (पाईपवर धातूची स्लीव्ह चढवून टूलने दाबून बसवलेला जोड) लिहिलं होतं आणि पाईप पूर्ण कॉइलच्या हिशेबाने धरला होता.

भिंती बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट हवी, असं आम्ही बजावलं होतं. सोसायटीच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे आमच्या नळाला जेमतेम दीड बार. टेस्ट मात्र 10 बारला करायची ठरली. मी ऑफिसात असताना फोटो आला, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा दहावर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोटो, काटा तिथेच. खाली अंगठा आणि "रात्रभर होल्ड". टाइल्स बसल्या, पैसे गेले.

पावसाळा सरला, गिझर रोज चालू झाला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल धरली होती. कॉन्ट्रॅक्टर आला, वर बघितलं, म्हणाला तुमचं वॉटरप्रूफिंग जुनं आहे. मग म्हणाला टाइल्सच्या सांध्यातून मुरतंय. मग वरच्या मजल्यावाल्यांचं नाव घेतलं. मग फोन उचलणं बंद.

दुसरा प्लंबर सोसायटीतल्याच एकांनी सुचवला. मितभाषी माणूस. त्याने गिझरची लाइन दोन दिवस बंद ठेवायला लावली. ओल वाढायची थांबली. मग भिंत फोडली.

आत अखंड पाईप नव्हताच. हातभर, दोन हात असे तुकडे होते, मधे पितळी निपल घालून वरून क्लिप आवळलेली. पेट्रोलच्या किंवा बागेच्या पाईपला लावतात ती, स्क्रूची. प्रेस फिटिंगचा मागमूस नाही. पॉलिथिनवर ही क्लिप टिकत नाही, कारण सततच्या दाबाखाली हे प्लास्टिक हळूहळू दबून सरकतं आणि क्लिपची पकड सैल होते. त्यात गरम पाण्याने फुगणं आणि गारठलं की आकसणं रोजचंच. थंड पाण्याची लाइन म्हणूनच अजून तग धरून होती, तीही आम्ही उखडली.

पेक्सवर दर मीटरला ओळीने चढता आकडा छापलेला असतो, सोबत साइझ, मानक आणि उत्पादनाची तारीख. आमच्या भिंतीत एका जोडाच्या डावीकडे 71 आणि उजवीकडे 12, आणि तारखांत दोन वर्षांचं अंतर. एक तुकडा पिवळट, उन्हात पडून राहिलेला असणार. पेक्सला ऊन चालत नाही. दुसऱ्या साइटवरचं उरलंसुरलं आमच्या भिंतीत गेलं आणि आमच्या बिलात कॉइल लागली.

आता तो फोटो. प्लंबरने माझ्या मोबाइलवर तो मोठा करून पाहिला आणि गेजकडे न बघता मागच्या बॉल व्हॉल्व्हवर बोट ठेवलं. व्हॉल्व्हची मूठ पाईपला आडवी. म्हणजे बंद. पंप मॅनिफोल्डच्या मेन व्हॉल्व्हच्या अलीकडे जोडलेला, त्यामुळे टेस्ट झाली ती वीतभर पाईपची. अख्खी लाइन पलीकडे कोरडी.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती मला कुठेच कुणी सांगितली नव्हती. पेक्सची लाइन पहिल्यांदा दाबाखाली आली की पाईप किंचित फुगतो आणि काटा थोडा खाली येतो. पुन्हा पंप मारून दाब भरून घ्यावा लागतो, आणि खरी नोंद त्यानंतरची. रात्रभर खिळा मारल्यासारखा उभा असलेला काटा बघून खूश व्हायचं नाही, उलट व्हॉल्व्ह तपासायचे. नवी लाइन टेस्ट करताना प्रत्येक टोकाचा प्लग ढिला करून पाण्याची धार दाखवली त्याने, हवा काढली, मगच पंप मारला. काटा खाली आला. पुन्हा भरला. मग थांबला. जोड करताना पाईप कटरने काटकोनात कापत होता, हॅक्सॉ नाही. टोक आतून गोल करून कड घासत होता, कारण धारदार कडेने जोडातली रबरी ओ-रिंग कापली जाते. स्लीव्हच्या खिडकीतून पाईप दिसल्याशिवाय प्रेस टूल लावत नव्हता. आमच्या पहिल्या महाभागाने हे टूल पहिल्या दिवशी आणून हॉलमध्ये दिमाखात ठेवलं होतं. बाहेर काढलेलं कुणी पाहिलं नाही.

फोडताना सगळ्याचा व्हिडिओ केलाय, क्लिपसकट तुकडे पोत्यात ठेवलेत, प्लंबरकडून लेखी घेतलंय. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी 1915 या हेल्पलाइनवर बोललो, मग जिल्हा आयोगात अर्ज केला. त्याच्या बिलावर मात्र फक्त "प्लंबिंग काम, मटेरियलसह" एवढंच आहे. पाईपचे मीटर नाहीत, फिटिंगची संख्या नाही, कंपनी नाही. सही केलेलं कोटेशन जपून ठेवलं होतं म्हणून प्रेस फिटिंगचा मुद्दा लावून धरता आला.

नोटीस गेल्यावर फोन पुन्हा लागू लागला. "काका, निम्मे घ्या आणि मिटवून टाका." खालच्या काकूंच्या छताचा खर्च धरून पूर्ण रक्कम लेखी मागितलीय, त्यावर उत्तर आलेलं नाही.