लाटांमध्ये दिसत राहण्याची सोय: १.८ मीटर लांबीचा सिग्नल बोया, दोन हंगामांच्या वापरानंतर

डायव्हिंगच्या सामानात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात पोहोचवणारे साधन), कॉम्प्युटर आणि फिन्स यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. आपण कुठे आहोत हे बोटीला दाखवण्यासाठी पाण्याखालून हवा भरून वर सोडायचा सिग्नल बोया मात्र बहुतेकांच्या जॅकेटच्या (तरंगणे सांभाळण्यासाठी नळीने हवा भरायच्या जॅकेटच्या) खिशात घडी घालून पडून राहतो. मी ज्याचे परीक्षण करत आहे तो बोया नारिंगी रंगाचा, १.८ मीटर लांब आणि सपाट असताना १५ सेंटीमीटर रुंद आहे. त्याच्यासोबत ३० मीटर दोरीचे मुठीचे रीळ येते. दोन हंगामांत मी तो साठेक डाइव्हमध्ये वापरला आणि त्यांतल्या पंधरा-वीस डाइव्ह अशा होत्या, की पाण्याबाहेर डोके काढल्यावर समुद्र शांत आहे असे कोणी म्हटले नसते. शांत पाण्यात कोणताही बोया चांगलाच वाटतो, त्यामुळे हे परीक्षण प्रामुख्याने त्या पंधरा-वीस दिवसांच्या आधारे लिहिले आहे.

खवळलेल्या समुद्रात डायव्हरला खरा धोका खोल पाण्यात असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझा अनुभव याच्या उलट आहे आणि लाटांचे गणितही तेच सांगते. लाटेमुळे पाण्यात होणारी हालचाल खाली जाताना झपाट्याने कमी होते आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ती जवळजवळ संपते. पाच सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची लांबी खोल समुद्रात सुमारे ३९ मीटर असते, म्हणजे २० मीटर खोलीवरच्या डायव्हरला तिचा पत्ताही लागत नाही. दूरच्या वादळातून आलेली दहा सेकंदांची लाट सुमारे १५६ मीटर लांब असते. ती त्याच खोलीवर माणसाला आणि शेवाळाला एका लयीत पुढे-मागे झुलवते, त्यामुळे निदान तिची पूर्वसूचना तरी मिळते. स्थानिक वाऱ्याने उठलेली आखूड, उभी लाट अशी कोणतीही सूचना देत नाही. शांत पाण्यात उतरलेली जोडी पाऊण तास तळाशी आरामात फिरते, दरम्यान वर वारा वाढतो, आणि डायव्हरना ते कळते तेव्हा त्यांच्याजवळची हवा आणि ताकद दोन्ही उतरणीला लागलेली असतात.

वर आल्यानंतरचा प्रश्न दिसण्याचा असतो. डायव्हरचे डोके पाण्याबाहेर जेमतेम वीतभर येते. दीड मीटरच्या लाटांमध्ये ते बहुतेक वेळ दोन लाटांच्या मधल्या खळग्यात असते आणि माथ्यावर आले तरी एक-दोन सेकंदांत पुन्हा खाली जाते. त्याच क्षणी बोटही उंचावलेली असावी आणि बोटचालकाची नजर नेमकी त्याच दिशेला असावी लागते. फेसाळ माथ्यांच्या गर्दीत काळ्या हुडातले डोके शोधणे हे काम डोळ्यांचे कमी आणि नशिबाचे अधिक असते. या काळात प्रवाह थांबत नाही. एक नॉट वेगाचा प्रवाह मिनिटाला सुमारे ३१ मीटर वाहून नेतो, म्हणजे वीस मिनिटांत सहाशे मीटरहून अधिक. २०१४ च्या फेब्रुवारीत बालीजवळ सात जपानी डायव्हर खराब हवामानात बोटीपासून दुरावल्या आणि त्यांच्यापैकी पाच जणी सुमारे तीन दिवसांनी जिवंत सापडल्या. ही घटना मी नव्या डायव्हरना नेहमी सांगतो, कारण सोबत बोट आहे म्हणजे आपण तिच्या नजरेत आहोत असे ते गृहीत धरतात.

आता बोयाकडे वळतो. कापड नायलॉनचे असून आतून लेप दिलेला आहे, शिवण वितळवून जोडलेली आहे आणि दोन हंगामांत ती कुठेही उसवली नाही. हवा भरण्यासाठी तळाशी एक झडप आहे. तिच्यातून तोंडाने किंवा जॅकेटच्या नळीने हवा भरता येते आणि आत गेलेली हवा परत बाहेर पडत नाही. तळ उघडा असलेले स्वस्त बोये लाटेने आडवे पडले, की त्यांतली हवा निसटते आणि ते चिंधीसारखे तरंगत राहतात. खवळलेल्या पाण्यासाठी बोया घ्यायचा असेल तर उघड्या तळाचा बोया विचारातही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर जाताना हवा प्रसरण पावते म्हणून जादा दाब सोडणारी वेगळी झडप दिलेली आहे आणि ती व्यवस्थित काम करते. टोकाजवळ प्रकाश परावर्तित करणारी पट्टी आहे, परंतु ती फार अरुंद असून रात्रीच्या शोधासाठी किमान दुप्पट रुंद असायला हवी होती.

पूर्ण फुगल्यावर या बोयात सुमारे १३ लिटर हवा मावते. वीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, त्यामुळे तेथे सव्वाचार लिटर हवा, म्हणजे एका मोठ्या उच्छ्वासाइतकी, भरली तरी वर पोहोचेपर्यंत बोया ताठ होतो. पाच मीटरवरून सोडायचा झाला तर साडेआठ लिटर लागतात, म्हणजे दोनदा फुंकावे लागते, आणि लाट जिथे सर्वांत जास्त हलवते नेमक्या त्याच पट्ट्यात हा खटाटोप करावा लागतो. म्हणून वर लाटा असण्याची थोडी जरी शंका असेल तर मी बोया खोलवरूनच सोडतो. त्यामुळे आपण थांबा (वर येताना पाचेक मीटरवर सुरक्षेसाठी काही मिनिटे थांबणे) पूर्ण करून वर येण्याआधीच काही मिनिटे बोटीला आपला ठावठिकाणा कळलेला असतो.

रिळाबाबत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. सोबत दिलेल्या मुठीच्या रिळात दोरी सैल पडली, की तिचे वेढे बाजूच्या फटीत जाऊन अडकतात. माझ्या बाबतीत हे दोनदा घडले आणि दुसऱ्या वेळी बोया अर्ध्या वाटेत असताना रीळ थांबले. या बोयाची ओढ वीस मीटरवर सुमारे चार किलोची असते आणि वर जाता जाता ती तेरा किलोपर्यंत वाढते. अडकलेले रीळ ज्याच्या अंगाला जोडलेले आहे त्या डायव्हरलाही बोया आपल्यासोबत वर नेतो. मिनिटाला नऊ मीटर ही वर येण्याची सर्वसाधारण शिफारस अशा वेळी कागदावरच राहते आणि घाबरून श्वास रोखला गेला तर शेवटच्या एक-दीड मीटरमधले हवेचे प्रसरणही फुप्फुसांना इजा करू शकते. मी रीळ हातात धरले होते, म्हणून ते सोडून देऊन मोकळा झालो. उत्पादनासोबतच्या पत्रकातील चित्रात मात्र रीळ जॅकेटच्या कडीला अडकवून बोया सोडणारा डायव्हर दाखवला आहे! ज्याने हे चित्र काढले त्याने हा बोया पाण्यात कधी सोडून पाहिला असेल असे मला वाटत नाही. मी नंतर रीळ बाजूला ठेवून फिरते दांडके नसलेले, बोटांत धरायचे साधे स्पूल घेतले आणि तेव्हापासून दोरी एकदाही अडकलेली नाही.

थांब्यावर असताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. दोरी ताणून बोयाला लटकून राहिले, तर प्रत्येक लाटेबरोबर बोया उचलला जातो आणि आपल्यालाही हिसका बसतो. दोरी किंचित सैल सोडून, खोली स्वतःच्या तरंगण्यावर सांभाळून, पाचऐवजी सहा मीटरवर थांबणे मला अधिक सोयीचे वाटले.

पृष्ठभागावरची कामगिरी वाऱ्यावर अवलंबून आहे. बोफर्ट मापनाच्या चारपर्यंत, म्हणजे ११ ते १६ नॉट वाऱ्यात, दोरी खाली ओढून धरली की बोया सुमारे १.२ मीटर पाण्याबाहेर उभा राहतो आणि एक मीटरच्या लाटांमध्ये त्याचे टोक जवळजवळ सतत दिसते. आम्ही एकदा दोन बोटी घेऊन मुद्दाम अंतर वाढवत पाहिले, तेव्हा माझ्या सोबत्याचे डोके जिथे कधीच दिसेनासे झाले होते तिथून बऱ्याच पुढपर्यंत बोया न शोधता नजरेत भरत होता. वारा पाचवर, म्हणजे १७ ते २१ नॉटवर गेला, की चित्र बदलते. बोया वाऱ्याने आडवा होऊ लागतो, त्याला ताठ धरण्यासाठी दोरीवर सतत भार द्यावा लागतो आणि हात व पाठ लवकर दमतात. दोरीला एखादे किलोभर वजन खाली लटकवले तर थोडी मदत होते. आडव्या बोयाचा उपयोग संपतो असे नाही, पण तो दिसण्याचे अंतर फारच घटते. सूर्य बोटचालकाच्या समोर असेल तेव्हा हाच नारिंगी रंग पाण्यावर काळपट भासतो, ही गोष्ट बोटीत बसून पाहिल्याखेरीज पटत नाही.

या बोयाच्या मर्यादेबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण तो जवळ आहे म्हणून खराब हवामानात जायला हरकत नाही, असा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकला आहे. बोया आपण कुठे आहोत ते सांगतो. बोट आपल्यापर्यंत पोहोचेलच अशी खात्री तो देत नाही. दुसऱ्या हंगामात आमची डाइव्ह सुरू असताना वारा वाढला. बोया वर येताच बोटीने आम्हाला पाहिले आणि हात उंचावून तसे कळवलेही, पण आम्हाला पाण्यातून बाहेर काढायला पंचवीस मिनिटे लागली. जेमतेम सहा मीटरच्या त्या रबरी बोटीत आमच्याआधी दुसऱ्या जोडीला घेण्याचे काम चालू होते आणि प्रत्येक लाटेबरोबर शिडीची खालची पायरी पाण्याबाहेर निघून पुन्हा धाडकन खाली आदळत होती. बोटीच्या मागच्या भागाची ही वर-खाली आदळआपट पाहिली, की शिडीखाली का थांबू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. वर चढणाऱ्याचा तोल गेला तर सुमारे चौदा किलोचे रिकामे सिलिंडरही खालच्या माणसाच्या डोक्यावर येते.

बोटचालकाची अडचणही समजून घेतली पाहिजे. डायव्हरजवळ जायचे तर पंखा फिरता ठेवता येत नाही आणि इंजिन न्यूट्रल केले, की हलकी बोट काही क्षणांत लाटांना आडवी होते. १९७९ च्या फास्टनेट नौकाशर्यतीत वादळाने पंधरा स्पर्धकांचा बळी घेतला. त्यानंतर नमुना-नौकांवर झालेल्या चाचण्यांतून असे दिसले, की फुटणारी लाट नौकेच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के उंच असेल आणि ती आडवी बसली तर नौका उलटू शकते. हा हिशेब शिडाच्या नौकांचा असला तरी सहा मीटरच्या बोटीला तो लावून पाहिला तर उंची १.८ मीटर येते. हवामानाच्या अंदाजात दिलेली लाटेची उंची ही सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते आणि काही तासांत तिच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट येणे अपेक्षितच असते, त्यामुळे अंदाजातील एक मीटर हा आकडा लहान बोटीसाठी वाटतो तितका निरुपद्रवी नाही. त्यात बोटीच्या तळाशी पाणी साचलेले आणि सिलिंडर मोकळे लोळत असतील तर तेच वजन झुकत्या बाजूला धावते. आमच्या बोटचालकाने शिडी वापरू दिली नाही. त्याने वाऱ्याच्या वरच्या बाजूने येऊन दोर फेकला, इंजिन पूर्ण बंद केले, आमच्याकडून वजने आणि सामान पाण्यातच काढून घेतले आणि आम्हाला बोटीच्या फुगीर कडेवरून आत ओढले. ती सर्व मिनिटे रेग्युलेटर तोंडातच ठेवला होता. श्वास घेताना हवेऐवजी खारे पाणी घशात जाण्याचा प्रकार पृष्ठभागावरच होतो.

याच बोयाची १.२ मीटरची धाकटी आवृत्ती मी एका मित्राकडून घेऊन वापरली. ती खिशात सहज मावते, पण मीटरभर लाटेत तिचे जेमतेम हातभर टोक वर राहते, त्यामुळे बंदिस्त खाडीपलीकडे तिचा उपयोग मला दिसला नाही. शिट्टी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला ऐकू जात नाही आणि चालू इंजिनाजवळ बसलेल्या माणसापर्यंत तर मुळीच पोहोचत नाही. उन्हात छोटा आरसा मात्र फार दूरवरून लक्ष वेधतो आणि त्याचे वजनही नगण्य असते. किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्यांनी ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश देणारे वैयक्तिक यंत्र खोलीच्या दाबाला टिकणाऱ्या डबीत घालून सोबत ठेवावे. बोया आडवा पडतो त्या वाऱ्यात या यंत्रावरच भिस्त असते.

एकंदरीत बोया घेण्याजोगा आहे, त्यासोबतचे रीळ नाही. दोन्ही वेगवेगळे मिळत असतील तर बोया एकटाच घ्यावा आणि ३० मीटरचे स्पूल स्वतंत्र घ्यावे. वापरानंतर गोड्या पाण्याने धुताना दाब सोडणाऱ्या झडपेची दोरी ओढून तिच्या आतूनही पाणी खेळवावे. माझ्या बोयाच्या झडपेत पहिल्या हंगामाच्या अखेरीस वाळूचा एक कण अडकला होता आणि पाण्यावर दहा मिनिटे उभा राहिलेला बोया हळूहळू वाकू लागला, तेव्हा कुठे ते माझ्या लक्षात आले.