अ‍ॅबी की गेट? डब्लिनची दोन नाट्यगृहं

डब्लिनमध्ये एकच संध्याकाळ हाताशी असेल तर अ‍ॅबी थिएटर पाहायचं की गेट? मी अ‍ॅबी म्हणेन, पण गेटवर अन्याय न करता.

अ‍ॅबी उघडलं 27 डिसेंबर 1904 ला. कवी येट्स आणि नाटककार लेडी ग्रेगरी या संस्थापकांना आयरिश माणसाचं जगणं आयरिश माणसाच्याच बोलीत रंगमंचावर आणायचं होतं. ते सोपं नव्हतं. 1907 मध्ये आयरिश नाटककार जे. एम. सिंगच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’वरून, 1926 मध्ये शॉन ओ'केसी या नाटककाराच्या नाटकावरून प्रेक्षागृहात दंगे झाले. नाटकाची एवढी झळ बसणारा समाज मला फार जवळचा वाटतो. आपल्याकडेही प्रयोग बंद पाडले गेलेच की! 1925 पासून अ‍ॅबीला सरकारी अनुदान मिळू लागलं. आणि 1913 मध्ये रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ इंग्रजीत इथेच झालं. जुनी वास्तू 1951 च्या आगीत गेली. आजची 1966 ची.

गेट 1928 चं, हिल्टन एडवर्ड्स आणि मायकेल मॅक लियामोर या जोडीचं. त्यांची नजर युरोपकडे: सुरुवातच इब्सेनच्या ‘पीअर गिंट’ने, तीही अ‍ॅबीच्याच छोट्या पीकॉक रंगमंचावर. प्रकाशयोजना आणि नेपथ्यात गेट उजवं. अ‍ॅबीने नाकारलेलं डेनिस जॉन्स्टनचं नाटक 1929 मध्ये त्यांनीच केलं. आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेट पाहायचा असेल, तर मात्र माझं मत गेटला: 1991 मध्ये त्यांनी त्याची 19 नाटकं एकाच महोत्सवात केली.